इसहाकाच्या विहिरी व आमचा हातपंप

पाठ : उत्पत्ति, अध्याय २६, ओव्या १५ ते २२

या आठ ओव्यांत प्रवचन नाहीं, चमत्कार नाहीं. आहेत त्या केवळ विहिरी. अब्राहामाच्या चाकरांनीं खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनीं मातीनें बुजविल्या होत्या. इसहाकानें त्या पुन्हां उकरल्या व बापानें दिलेलींच नांवें त्यांस दिलीं. पुढें नव्या विहिरीस जिवंत पाणी लागलें, तोंच गरारचे गुराखी भांडावयास आले. दोन विहिरी सोडून तो पुढें गेला, तेव्हां तिसरीवर तंटा झाला नाहीं. तिचें नांव रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा.

येरमाळ्याकडील बांधवांस ही गोष्ट परकी वाटूं नये. बालाघाटाचा हा माळ. वर थोडी माती, खालीं काळा फत्तर. पाणी राहतें तें फत्तराच्या भेगांत व वरच्या मुरमांत. म्हणून पावसाळा चुकला कीं आड कोरडा. येडेश्वरीच्या चैत्री यात्रेस असंख्य लोक येथें येतात ते ऐन उन्हाळ्यांत. त्या दिवसांत घागरीची किंमत काय, तें येथील बायांस विचारावें.

येथील हमरस्ता दक्षिणेस सोलापुरास जातो, उत्तरेस बीडकडे. जालना त्याच्याहि पलीकडे. सोलापूर व जालना या दोन्ही गांवांचीं नांवें हातपंपाच्या इतिहासांत राहिलीं आहेत. १९६० नंतरच्या दशकांत जालन्याच्या स्कॉटिश मिशननें फत्तर फोडणाऱ्या यंत्रांनीं विंधन विहिरी घेतल्या. पाणी लागलें, परंतु खरी अडचण पंपाची निघाली. ओतीव लोखंडाचे ते पंप मुळांत एका कुटुंबाच्या अंगणासाठीं घडविलेले. साऱ्या गांवानें दिवसभर घागरी भरावयाच्या म्हटल्यावर त्यांचे सांधे झिजत व दांडे मोडत. जालन्यास मग पोलादी पंप झाला व दांड्यास अनेक सांध्यांऐवजीं एकच कणा आला. सोलापुरांत हें काम आणखी पुढें गेलें. तेथें दांड्यास साखळी जोडली, म्हणजे गज सरळ वरखालीं होतो, वांकत नाहीं. तरीहि १९७४ च्या सुमारास युनिसेफनें पाहिलेल्या पंपांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश बंद होते. तेव्हां सरकार, युनिसेफ व कारखानदार यांनीं सोलापूरचा पंप आधारास घेऊन इंडिया मार्क दोन सिद्ध केला. गांवोगांवीं उभा आहे तो बहुधा हाच.

नारूची आठवण वृद्धांस असेल. रोगी माणूस पायविहिरींत उतरे, त्याच्या पायाचा फोड फुटून पिलें पाण्यांत पडत, डोळ्यांस न दिसण्याइतकी जलपिसू त्यांस गिळी, व तें पाणी प्यालेल्याच्या अंगांतून सुमारें वर्षानें हातभर किडा निघे. फडक्यानें पाणी गाळलें तरी हें टळे! झांकलेल्या विंधन विहिरींत तर पाय बुडविण्यास जागाच नाहीं. भारतांत शेवटचा रोगी १९९६ सालीं आढळला. २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें देश नारूमुक्त ठरविला.

आतां तंट्याची गोष्ट. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांचे आजे गांवच्या विहिरीपासून दूर उभे राहत व कोणी वरून ओतील तेव्हां पाणी घेत. १९२७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी घेतलें तें या अन्यायाविरुद्धच. म्हणून पंप कोणत्या वस्तींत बसवावा हा प्रश्न लहान नव्हे. आणि आपल्या आळींत पंप आला म्हणून दुसऱ्यांस हटकणारा ख्रिस्ती मनुष्य इसहाकाच्या बाजूस नसून गरारच्या गुराख्यांत जाऊन बसतो, हें आम्ही स्पष्ट सांगतों.

विहीर बुजविण्यास आतां मातीहि लागत नाहीं. शेजारीं ऊंसासाठीं अधिक खोल छिद्र पाडलें कीं पंप आटतो. याकरितांच महाराष्ट्राच्या १९९३ च्या कायद्यानें पिण्याच्या सार्वजनिक पाण्यापासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून नवी विहीर घेण्यास मनाई केली.

उपदेशकांनीं या आठवड्यांत वर्ग पंपाजवळच भरवावा. ओट्यास भेग आहे काय, सांडपाणी परत आंत मुरतें काय, जनावरें तेथें बांधतात काय, हें मुलांकडून पाहवून घ्यावें. मग दोन प्रश्न विचारावे : या पंपाचा वायसर शेवटीं कोणीं बदलला? आणि या पंपावर कोण येत नाहीं?