सर्वांचा ज्ञानकोश

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. तेथील लेण्याच्या भिंतींवर सातवाहनकालीन लेख कोरलेला आहे. राणी नागनिकेशी निगडित असलेला हा लेख दोन हजार वर्षे टिकून राहिला. कारण खडकावरील अक्षर सहजासहजी पालटत नाही. परंतु आज जगात असाही एक ग्रंथ आहे, की त्यातील अक्षर कोणालाही क्षणात पालटता येते. तो ग्रंथ म्हणजे विकिपीडिया होय.

पूर्वी ज्ञानकोश विद्वान मंडळी रचीत. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाची रीत मात्र निराळी आहे. तेथे वाचक हाच लेखक असतो. १ मे २००३ पासून मराठीतही हे कार्य चालू आहे. असंख्य लोकांनी विनामूल्य श्रम करून हे भांडार भरले आहे.

परंतु जे दार सर्वांस उघडे असते, ते खोडसाळांसही उघडेच असते. गडाच्या भिंतीवर आपले नाव खरडणारे प्रवासी असतात, तसे येथे चांगला मजकूर पुसणारे व खोटा मजकूर घुसडणारेही असतात. मे २००५ मध्ये अमेरिकेतील वयोवृद्ध पत्रकार जॉन सीगनथेलर यांच्या चरित्रात एका अज्ञात मनुष्याने लिहिले, की केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा संशय होता. वस्तुतः ते रॉबर्ट केनेडी यांचे स्नेही होते. त्यांच्या शवपेटीला त्यांनी खांदा दिला होता! हा खोटा मजकूर चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला. पुढे लिहिणारा सापडला. आपण केवळ थट्टा केली, असे सांगून त्याने क्षमा मागितली. त्याची नोकरी गेली, तेव्हा त्यास परत कामावर घ्यावे, अशी रदबदली सीगनथेलर यांनीच केली. एकाची थट्टा दुसऱ्याच्या अब्रूवर बेतते, ती अशी.

या दोषावर उपायही आहे. विकिपीडियाच्या प्रत्येक पानाचा ‘इतिहास’ जपलेला असतो. कोणता बदल केव्हा झाला, हे त्यात दिसते आणि बिघडलेले पान पूर्ववत करता येते. तथापि शिवीगाळ लगेच डोळ्यांत भरते. सनावळीतील एक आकडा गुपचूप बदलला, तर तो कोणाच्या लक्षात येणार? एखादा लेखक तो चुकीचा आकडा उतरून घेतो, आणि मग त्याच्याच लेखाचा दाखला देऊन ती चूक खरी ठरविली जाते.

मग जुने ते सर्व खरे आणि बदललेले ते खोटे, असे समजावे काय? नाही. शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला, त्याची तिथी पूर्वी अनेक पुस्तकांत वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ अशी दिलेली असे. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी होती. ‘शिवभारत’ या ग्रंथानेही तिला दुजोरा दिला. विद्वानांत दीर्घकाळ वाद झाला आणि अखेर २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने ही तिथी स्वीकारली. हाही बदलच होता. परंतु तो पुराव्याच्या बळावर उघडपणे झाला. खोडसाळ मनुष्य पुरावा देत नाही व नावही सांगत नाही.

म्हणून अशा ज्ञानकोशात काही वाचताना ‘याला आधार कोणता?’ हा प्रश्न विचारावा. लेखाखाली दिलेला आधारग्रंथ उघडून पाहावा. चूक आढळल्यास आधार देऊन ती दुरुस्त करावी. गावची विहीर सर्वांची असते, म्हणूनच ती स्वच्छ राखणे हे प्रत्येकाचे कर्तव्य असते.

स्वाध्याय
१. सीगनथेलर यांच्याविषयीचा मजकूर खोटा होता, हे कशावरून दिसते?
२. शिवजन्मतिथीतील बदल आणि खोडसाळपणाने केलेला बदल यांतील भेद स्पष्ट करा.
३. आपल्या गावाविषयी विकिपीडियावर असलेली माहिती वाचा व तिला कोणते आधार दिले आहेत ते लिहा.