पिकअपला पाटे वाढवले आणि शाफ्ट थरथरतोय? पार्ट बदलण्याआधी कोन मोजा



माल भरल्यावर गाडी मागून बसू नये म्हणून बरेच जण पिकअपला एक-दोन जादा पाटे टाकून घेतात. गाडी मागून उचलली जाते आणि मग ठराविक स्पीडला खालून थरथर सुरू होते. क्रॉस बदलला, शाफ्ट बॅलन्स करून आणला, सेंटर बेअरिंगही नवीन टाकलं, तरी थरथर तशीच. अशा वेळी दोष बहुतेकदा पार्टमध्ये नसतो, शाफ्टच्या कोनात असतो.

असं का होतं?
क्रॉस तिरका फिरतो तेव्हा शाफ्टचा वेग सारखा राहत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तर हा झटका तिथे मिटतो. पाटे वाढवले की चेसिस वर जाते, हौसिंग खालीच राहतं आणि शाफ्टचा उतार वाढतो. त्यात हौसिंग थोडं फिरलं की दोन्ही कोनांचा मेळ जातो. मग क्रॉस आणि सेंटर बेअरिंग पुन्हा पुन्हा खराब होतात. क्रॉस चालू गाडीत तुटला तर शाफ्ट रस्त्यावर पडू शकतो, म्हणून हे अंगावर काढू नका.

आधी लक्षण ओळखा
१. रिकाम्या गाडीत थरथर, माल भरल्यावर कमी: कोनाचा संशय. वजनाने पाटे दबतात, कोन कमी होतो.
२. रिकामी-भरलेली दोन्ही वेळा सारखीच: पाइपला चिकटलेला चिखल, पोचा, पडलेलं बॅलन्सचं वजन किंवा टायर बघा.
३. गाडी उचलताना किंवा गिअर टाकताना 'टक्' आवाज: क्रॉस ढिला.
४. एकाच स्पीडला गिअर बदलून बघा. थरथर स्पीडशी बांधलेली असेल तर शाफ्ट, हौसिंग किंवा चाकं. इंजिनच्या फेऱ्यांबरोबर बदलत असेल तर इंजिनचं माउंटिंग बघा.

कोन कसा मोजायचा?
तुमच्या मोबाइलमधलं लेव्हल दाखवणारं ॲप पुरतं. गाडी रिकामी, सपाट जागेवर, चारही चाकं जमिनीवर. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. चेसिसला जॅक लावून मोजू नका. हौसिंग लोंबतं आणि कोन चुकीचा येतो. शाफ्ट गार झाल्यावरच हात घाला.

तीन ठिकाणी मोजा:
अ) सेंटर बेअरिंगच्या पुढचा पाइप
ब) मागचा पाइप
क) हौसिंगचा फ्लँज. याच्या उभ्या सपाट भागाला फोनची कड टेकवा. उभ्या रेषेपासून जेवढा कल, तेवढा पिनियनचा कोन.

आता 'अ' व 'ब' मधला फरक आणि 'ब' व 'क' मधला फरक काढा. उतार एकाच दिशेला असेल तर वजा करा, उलट दिशेला असेल तर बेरीज.

उदाहरण: अ २ अंश, ब ७ अंश, क ४ अंश, तिन्ही मागे उतरते. एका क्रॉसवर ५ अंश, दुसऱ्यावर ३ अंश. मेळ नाही, म्हणून थरथर.

दोन्ही फरकांत एक अंशापेक्षा जास्त तफावत नसावी. रस्त्यावर जोरात पळणाऱ्या गाडीला प्रत्येक क्रॉसचा कोन साधारण ३ अंशांच्या आत असलेला बरा. दोन्ही कोन सारखे असूनही फार मोठे असतील तर थरथर राहतेच.

दुरुस्ती, स्वस्तापासून सुरू करा
१. शाफ्ट धुऊन घ्या, क्रॉसला ग्रीस मारा. शाफ्ट उघडण्याआधी जोडावर खुणा करा. बसवताना कंपनीचे बाण जुळवा. एक दात जरी इकडे-तिकडे बसला तरी गाडी थरथरते.
२. कोन मोठा असेल तर एक पाटा काढून बघा. बऱ्याच वेळा काम इथेच संपतं.
३. कोन मर्यादेत आहेत पण मेळ नाही, तर पाटा आणि हौसिंगच्या मध्ये मापाची लोखंडी पाचर टाकून हौसिंग फिरवता येतं. हे काम पाटेवाल्या मिस्त्रीकडूनच करून घ्या. पाचर कुठल्या बाजूने टाकायची ते मोजमाप दाखवून ठरवा, अंदाजाने नको. पत्र्याचे तुकडे चालणार नाहीत.
४. यू-बोल्ट नीट कसा आणि पहिल्या भरलेल्या फेरीनंतर पुन्हा कसून घ्या.

ब्रेककडे लक्ष द्या
काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकला लोडप्रमाणे चालणारा व्हॉल्व्ह असतो. त्याचा दांडा हौसिंगला जोडलेला असतो. गाडी उचलली की त्याला गाडी रिकामीच वाटते आणि भरलेल्या गाडीला मागचा ब्रेक कमी लागतो. पाटे वाढवले असतील तर हा व्हॉल्व्ह सेट केला का, हे मिस्त्रीला आवर्जून विचारा.

शेवटी एकच. पाटे वाढवल्याने गाडीची पासिंगची क्षमता वाढत नाही. हौसिंग, टायर आणि ब्रेक तेच राहतात. माल जास्त असेल तर दोन फेऱ्या करा किंवा शेजारच्या सभासदाबरोबर मिळून मोठी गाडी लावा.

मोजलेले तीन आकडे कागदावर लिहून गॅरेजला न्या. गाडीवाल्या सभासदांना हा मेसेज जरूर पाठवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी