वाहिनी एक झाली, प्रेक्षक दोनच राहिले

प्रश्न : माझा मुलगा नोकरीसाठी इंग्लंडात असतो. आठवड्यातून दोन-तीनदा फोन होतो आणि बोलता बोलता बातम्यांचा विषय निघतोच. तो तिथे ‘बीबीसी न्यूज’ लावतो. आमच्या डिशवर पूर्वी ‘बीबीसी वर्ल्ड न्यूज’ असं नाव यायचं, आता इथेही नुसतं ‘बीबीसी न्यूज’ येतं. कधी दोघांच्या टीव्हीवर तोच निवेदक आणि तीच बातमी असते, कधी त्याच्याकडे भलतंच काहीतरी चालू असतं. ही वाहिनी एक आहे की दोन? आणि दोनाची एक केली असेल, तर तिथले लोक त्यावर नाराज का?
— एक वाचक, कळंब (ता. इंदापूर)

उत्तर : नाव एक आहे, प्रक्षेपणं दोन आहेत आणि त्यांतला बराचसा भाग सामाईक आहे. तुम्हाला आणि मुलाला कधी सारखं, कधी वेगळं दिसतं ते त्यामुळेच. हा बदल ३ एप्रिल २०२३ रोजी झाला. नाराजीचं कारण समजायला मात्र थोडं मागे जावं लागेल.

घरच्यांसाठी एक आणि बाहेरच्यांसाठी एक, अशी भिंत बीबीसीत रेडिओच्या काळापासून आहे. ब्रिटनमधल्या श्रोत्यांसाठी ‘होम सर्व्हिस’ होती, परदेशांसाठी वेगळे विभाग होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, बीबीसीने मराठीतून प्रसारण सुरू केलं. त्या काळात तिथे काम करणाऱ्या वेणू चितळे मूळच्या शिरोळच्या, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या. लेखक जॉर्ज ऑर्वेल तेव्हा बीबीसीच्या हिंदुस्थानसाठीच्या विभागात होते, त्यांच्याबरोबर त्यांनी काम केलं. याच वेणूताई ‘होम सर्व्हिस’च्या ‘द किचन फ्रंट’ या कार्यक्रमातून इंग्रज गृहिणींना आपला शाकाहारी स्वयंपाकही सांगायच्या. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस बोलू शकतो, हे तेव्हाच दिसलं होतं. फक्त बोलण्याचा विषय प्रत्येक बाजूला वेगळा होता.

टीव्हीवर ही भिंत पैशाने आणखी पक्की झाली. बीबीसीची आंतरराष्ट्रीय वाहिनी १९९१ साली सुरू झाली आणि त्याच वर्षी स्टार टीव्हीच्या उपग्रहावरून आपल्याकडे दिसू लागली. पुढे तिचं ‘बीबीसी वर्ल्ड’ आणि २००८ मध्ये ‘बीबीसी वर्ल्ड न्यूज’ झालं. ती जाहिराती आणि वितरणाच्या उत्पन्नावर चालायची. ब्रिटनमधल्या प्रेक्षकांसाठी ९ नोव्हेंबर १९९७ रोजी ‘बीबीसी न्यूज २४’ निघाली. तिचा खर्च परवाना शुल्कातून, म्हणजे टीव्ही पाहणारं तिथलं प्रत्येक घर वर्षाला जे पैसे भरतं त्यातून. आपल्याकडेही एके काळी रेडिओचं लायसन्स असायचं, पोस्टात जाऊन पैसे भरावे लागत, हे तुमच्या पिढीला आठवत असेल. तिथे ती पद्धत टीव्हीसाठी अजून चालू आहे. त्या पैशावर चालणाऱ्या वाहिनीवर जाहिरात दाखवता येत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारने हे शुल्क दोन वर्षांसाठी १५९ पौंडांवर गोठवलं. महागाई वाढत होती आणि उत्पन्न जागच्या जागी. मे महिन्यात बीबीसीचे महासंचालक टिम डेव्ही यांनी काटकसरीचा आराखडा मांडला, त्यात दोन्ही वृत्तवाहिन्या एकत्र करण्याचा विचार होता. जुलैमध्ये तपशील जाहीर झाला : लंडनमधल्या सुमारे ७० जागा कमी होणार, वॉशिंग्टनमध्ये २० नव्या होणार. कोविडच्या काळात मनुष्यबळ कमी पडल्याने दोन्ही वाहिन्या काही तास एकच कार्यक्रम दाखवू लागल्या होत्या, त्यामुळे हे जमू शकतं असा विश्वासही आला होता.

या निर्णयाची एक बाजू मला पटते. युक्रेनच्या युद्धाची तीच बातमी, तीच दृश्यं, एकाच इमारतीत दोन निवेदकांनी दोन स्टुडिओंत बसून एकाच तासात सांगायची, यात कुणाचाच फायदा नाही. दोनदा होणारं काम एकदा केलं तर ती खरी बचत. पण इंग्लंडातल्या दवाखान्यात शस्त्रक्रियेसाठी वर्षभर थांबलेल्या माणसाची बातमी, एखाद्या शहराच्या कौन्सिलकडचे पैसे संपल्याची बातमी, या कुठे दोनदा होत होत्या? त्या एकाच वाहिनीवर, एकदाच होत होत्या. वाहिनी जगासाठी झाली की अशा बातम्यांना ‘हे बाहेरच्यांना काय कळणार’ म्हणून मागे सरावं लागतं. परवाना शुल्क भरणाऱ्यांची तक्रार हीच आहे, आणि ती मला रास्त वाटते.

तुमच्या इंदापूर तालुक्यात हे जास्त समजावून सांगायला नको. नीरा डाव्या कालव्याला आवर्तन सुटलं की वरच्या गावांचं भिजतं आणि टेलचा शेतकरी चारीवर रात्र काढतो. कालवा तोच, पाणी तेच, पण आपण कोणत्या किलोमीटरवर आहोत यावर सगळं ठरतं. ब्रिटनच्या प्रेक्षकाला असं वाटलं, की कालव्याचा खर्च आपण उचलतो आणि टेललाही आपणच आलो.

यावर तशी एक सोय ठेवलेली आहे. ब्रिटनमध्ये मोठी घटना घडली तर तिथल्या प्रेक्षकांसाठी वेगळं प्रक्षेपण सुरू करता येतं आणि बाकीचं जग आपल्या बातम्या पाहत राहतं. पण वेगळं व्हावं एवढी ती घटना मोठी आहे का, हे दर वेळी कुणीतरी संपादकाने ठरवायचं असतं. गोची जाहिरातींचीही आहे. तुमच्याकडे जाहिरात लागते तेव्हा मुलाकडे ती दाखवता येत नाही, म्हणून तेवढी दोन-तीन मिनिटं तिथे दुसऱ्या मजकुराने भरावी लागतात.

सगळ्यात जास्त दुखलं ते माणसांच्या बाबतीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या वाहिनीचे पाच मुख्य निवेदक जाहीर झाले. वर्षानुवर्षं पडद्यावर दिसलेल्या कितीतरी जणांना त्यात जागा नव्हती, काहींनी नोकरी सोडली. मार्टिन क्रॉक्सॉल, करिन जानोनी, काशिया मदेरा आणि अनिता मॅकव्हे या चौघी जणी जवळपास वर्षभर पगारावर होत्या, पण पडद्यावर नव्हत्या. निवड आधीच ठरलेली होती आणि आपल्याला डावललं गेलं, असा दावा घेऊन त्या कामगार न्यायाधिकरणात गेल्या. बीबीसीने तो दावा नाकारला. शेवटी २०२५ मध्ये तडजोड झाली, तीही संस्थेने चूक मान्य न करता. खरं-खोटं त्यामुळे निकालात उतरलंच नाही. पण वीस-पंचवीस वर्षं बातम्या देणाऱ्या माणसाला घरी बसून आपल्याच वाहिनीवर दुसऱ्याला पाहावं लागणं काय असतं, हे कळायला निकालाची गरज नाही.

आता जरा घराजवळ येतो, कारण तुमचा प्रश्न वाचल्यावर मला पहिल्यांदा आठवलं ते आकाशवाणी पुणे. बीबीसीच्या वाहिन्या एक झाल्या त्याच वर्षी, जून २०२३ मध्ये, पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून तिथली बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरहून द्यायची असं ठरलं होतं. सकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या त्या बातम्या आमच्या घरात घड्याळासारख्या होत्या. त्या संपायच्या आत डबे भरून व्हायचे. बातमीपत्र बंद होणार नव्हतं, फक्त दुसऱ्या शहरातून येणार होतं. कागदावर यात काय बिघडलं? पण श्रोत्यांनी, पत्रकारांनी, लोकप्रतिनिधींनी आवाज उठवला आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. बातमी वाचणारा कुठे बसतो याला महत्त्व नसेल, पण ती गोळा करणारा कुठे फिरतो याला आहे. उजनीत किती पाणी आहे, वारी इंदापुरात कधी मुक्कामाला आहे, याची चौकशी पुण्यात बसलेला माणूस आपसूक करतो. ब्रिटनमधल्या प्रेक्षकांची तक्रार असो की एका जिल्ह्याची, माझं मत दोन्हीकडे तेच आहे : यंत्रं, स्टुडिओ, दूरदेशीची दृश्यं खुशाल एकत्र करा, पण जवळच्या बातमीचा माणूस आणि तिची ठरलेली वेळ यांना हात लावू नका. ‘मोठं काही घडलं तर दाखवू’ हे आश्वासन त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण जवळच्या बहुतेक बातम्या मोठ्या नसतातच.

तुमच्या शंकेचं प्रात्यक्षिक मुलाबरोबर करता येईल. ब्रिटनमध्ये सकाळी सहा ते नऊ या वेळात तिथल्या प्रेक्षकांना ‘ब्रेकफास्ट’ हा खास त्यांच्यासाठीचा कार्यक्रम दाखवतात. तिथे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. त्या वेळेला फोन लावा आणि दोघांनीही टीव्ही चालू करा. त्याच्याकडे कदाचित लीड्समधल्या एखाद्या शाळेचं छप्पर गळत असेल आणि तुमच्याकडे जगाच्या बातम्या चालू असतील. मग दुसऱ्या एखाद्या वेळी पुन्हा लावून बघा, निवेदक एकच निघतो का ते.