स्टॅटिन आणि झाडपाल्याची पूरके



कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन औषधे यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणारे एक विकर रोखून धरतात. त्यांपैकी सिम्वास्टॅटिन, लोवास्टॅटिन आणि काही प्रमाणात अॅटोर्वास्टॅटिन यांना शरीर सीवायपी३ए४ या दुसऱ्या विकराने मोडते. ते यकृतात असते, तसेच आतड्याच्या अस्तरातही. वनस्पतिजन्य पूरकांची स्टॅटिनशी गाठ बहुधा इथेच पडते. विकर दबले तर औषध रक्तात साचते. चेतले तर औषध लवकर मोडते आणि पुरेसा गुण येत नाही. ग्रेपफ्रूटचा रस ते दाबतो. नैराश्यासाठी घेतले जाणारे सेंट जॉन्स वर्ट ते चेतवते, आणि सिम्वास्टॅटिनची पातळी घसरते.

सगळ्यांत फसवा आहे लाल यीस्ट तांदूळ. भातावर मोनॅस्कस बुरशी वाढवून तो तयार होतो. कोकणातल्या लाल तांदळाशी त्याचा संबंध नाही. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७९ मध्ये या बुरशीतून मोनॅकोलिन के वेगळे केले. हा रेणू म्हणजेच लोवास्टॅटिन. स्टॅटिन घेणाऱ्याने ‘नैसर्गिक’ म्हणून ही कॅप्सूल जोडली की नकळत दोन स्टॅटिन पोटात जातात. त्यातले प्रमाण बाटलीगणिक बदलते, आणि काही मालात मूत्रपिंडाला घातक असे सिट्रिनिनही सापडले आहे. युरोपीय संघाने २०२२ मध्ये मोनॅकोलिनची रोजची मात्रा ३ मिलिग्रॅमच्या खाली ठेवण्याचे बंधन घातले.

गुग्गुळाची गोष्ट अधिक नाजूक आहे, कारण ते घराघरांत विश्वासाने घेतले जाते. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनाचा धागा धरून जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात त्याचा अभ्यास मांडला, आणि पुढे त्याचा अर्क कोलेस्टेरॉलसाठी बाजारात आला. मात्र २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरण्याऐवजी किंचित चढले, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. गुग्गुळातील गुग्गुलस्टेरोन सीवायपी३ए४ला चेतवते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल या हृदय-रक्तदाबाच्या औषधांची रक्तातील पातळी गुग्गुळाच्या अर्काने घटल्याची नोंदही आहे. परंपरेतून आलेले औषध हेही औषधच. त्याचा गुण मानायचा तर त्याची दुसऱ्या औषधाशी होणारी टक्करही मानली पाहिजे.

इसबगोल मात्र स्टॅटिनला पूरक ठरते. फक्त दोन्हींच्या वेळांत काही तासांचे अंतर असावे.

स्टॅटिन साचल्याची खूण स्नायूंत दिसते: अकारण दुखणे, अशक्तपणा, आणि गंभीर स्थितीत चहाच्या रंगाची लघवी. अशा रुग्णाने त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. रक्तात क्रिएटिन कायनेज या स्नायूंतील विकराची तपासणी लागते. पूरकासाठी स्टॅटिन स्वतःहून बंद करणे, विशेषतः हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर, तितकेच धोक्याचे.

औषधाच्या दुकानात चिठ्ठी हातात घेणाऱ्याने ‘आणखी काय घेता?’ एवढेच विचारून थांबू नये. काढा, चूर्ण, गुग्गुळ, परदेशातून आलेल्या कॅप्सूल अशी नावे घेऊन विचारावे, कारण पुष्कळ माणसे यांना औषधांत धरतच नाहीत.