विकसनशील देश आणि जैववैद्यकीय अभियांत्रिकी : नियोजनाचा एक विचार

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. तेव्हा या विषयावर लिहिण्याचा मला काय अधिकार, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. परंतु हृदयात बसवायची झडप किंवा रुग्णालयातील क्ष-किरण यंत्र कोठे बनावे, किती किमतीला मिळावे आणि बिघडल्यास कोणी दुरुस्त करावे, हे प्रश्न केवळ अभियंत्यांचे नाहीत. अपुऱ्या साधनांतून कोणती गरज आधी भागवायची, हा अर्थशास्त्राचा मूळ प्रश्नच येथे उभा राहतो.

प्रथम व्याख्या पाहू. अभियांत्रिकीच्या ज्ञानाने रोगनिदान, उपचार व पुनर्वसन यांची साधने घडविणे आणि ती चालू ठेवणे म्हणजे जैववैद्यकीय अभियांत्रिकी. या व्याख्येच्या उत्तरार्धाचाच आपल्याला विसर पडतो.

आपल्या देशातील दोन उदाहरणे या दृष्टीने बोलकी आहेत. पहिले जयपूर पायाचे. पाश्चात्त्य पद्धतीचा कृत्रिम पाय बुटात घालून चालण्यासाठी होता. त्यावर उकिडवे बसणे वा शेतातून अनवाणी जाणे कठीण. 1968 साली जयपूर येथे कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबर व लाकूड वापरून आपल्या राहणीला मानवेल असा पाय तयार केला. गरज ओळखली की साधन स्वस्तही होते, हा त्यातील धडा.

दुसरे उदाहरण तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेचे. संधिवाती ज्वरामुळे लहान वयातच हृदयाच्या झडपा निकामी होतात. हा प्रामुख्याने गरिबांचा रोग. परदेशी झडप त्यांना परवडणार कशी? डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली देशी झडपेचे काम सुरू झाले. आधीच्या तीन रचना अपयशी ठरल्या. एकीतील नीलमण्याची चकती परीक्षणात भंगली. अखेर पॉलिथिलीनची चकती असलेली चौथी रचना टिकली आणि 6 डिसेंबर 1990 रोजी ती प्रथम रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आली. या कामी एक तप खर्ची पडले.

इतका काळ घालविण्यापेक्षा आयात बरी, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. आयातीने झडप मिळते; ती घडविण्याने धातू, बहुवारिके आणि परीक्षणे जाणणारी माणसे मिळतात. त्यांचे ज्ञान पुढच्या साधनास उपयोगी पडते. मात्र प्रत्येक यंत्र येथेच बनावे, हा आग्रहही धरता येणार नाही. निवड करावीच लागेल.

आता देखभालीकडे वळू. सरकारी आरोग्यकेंद्रांतील उपकरणांची देशभर मोजदाद झाली, तेव्हा निरनिराळ्या राज्यांत 13 ते 34 टक्के उपकरणे बंद आढळली. त्यानंतर 2015 पासून दुरुस्तीची राष्ट्रीय योजना आखण्यात आली. विजेचा कमीजास्त दाब, धूळ, सुट्या भागांचा अभाव आणि तंत्रज्ञांची वाण ही त्यामागची परिचित कारणे होत. बंद यंत्रात अडकलेले भांडवल जमाखर्चात दिसते. तपासणीविना परत गेलेला रोगी दिसत नाही.

यावरून नियोजनाची तीन सूत्रे मला सुचतात. एक, खरेदीपूर्वी त्या भागातील रोगांची व गरजांची मोजणी व्हावी. दोन, यंत्राच्या किमतीतच देखभालीचा व तंत्रज्ञाच्या प्रशिक्षणाचा खर्च धरावा. तीन, मोजक्या साधनांच्या संशोधनाला दीर्घकाळ पैसा द्यावा आणि पहिल्या अपयशानंतर तो तोडू नये.

हे निर्णय अंदाजपत्रकातून होतात आणि अंदाजपत्रक हा तर आपल्या अभ्यासाचा विषय आहे. म्हणूनच कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी या प्रश्नाकडे परका म्हणून पाहू नये, एवढीच विनंती.