शंका-समाधान : रात्री पोटरीत येणारा गोळा

पेठ तालुक्यातून या वेळी आलेली बरीच पत्रे एकाच दुखण्याची आहेत. काही नातवंडांनी आजी-आजोबांसाठी लिहिली आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य आहे : ‘विचारलं, तर वय झालं म्हणाले.’ वयामुळे हे दुखणे वाढते, ही गोष्ट खरी. पण झोपेतून किंचाळत उठणाऱ्या माणसाला एवढे उत्तर पुरत नाही. म्हणून आज सगळी जागा याच पत्रांना देतो. नावे-गावे छापलेली नाहीत.

‘डॉक्टर, माझं वय 68. नातवाकडून लिहून घेते. भाताची आवणी सुरू झाली की रात्री दोन-तीनच्या सुमारास डाव्या पोटरीत लिंबाएवढा गोळा येतो. पाय कोणी पिळून काढतंय असं वाटतं. शेजारीण म्हणते, शिरेवर शीर चढली, लकव्याची सुरुवात आहे. आता झोपायचीच भीती वाटते. माझा पाय जाईल का?’

आजी, तुम्ही सांगता तशा गोळ्याने पाय जात नाही आणि ही लकव्याची सुरुवातही नाही. लकव्यात हात-पाय एकाएकी लुळा पडतो, तोंड वाकडे होते, बोलणे अडखळते. वेदना बहुधा नसतेच. तसे काही दिसले तर मात्र सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करायचा. तुम्हाला होतो तो पेटका, म्हणजे पोटरीचा स्नायू आपल्या इच्छेविना आवळला जाणे. यात शिरेवर शीर चढत नाही. मणक्यातून स्नायूकडे येणारा चेतातंतू (मेंदूचे हुकूम पोहोचवणारी नस) अवेळी, भराभर संदेश सोडतो आणि स्नायू दगडासारखा घट्ट होतो. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत तो सुटतो; पुढे एक-दोन दिवस पोटरी ठणकते. साठीनंतर साधारण तिघांपैकी एकाला हा त्रास कधी ना कधी होतो.

रात्रीच का होतो? झोपेत पाऊल आपोआप खाली झुकते, त्यामुळे पोटरीचा स्नायू आधीच आखूड झालेला असतो, आणि आखूड झालेला स्नायू लवकर आवळतो. वयाबरोबर स्नायू आणि कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारा दोर) कमी ताणले जातात. त्यात आवणीचे दिवस : दिवसभर चिखलात वाकून उभे राहायचे, पाय ओढत सरकायचे. थकलेली पोटरी रात्री बंड करते, असे समजा.

गोळा आला की घाईने उठून उभ्या राहू नका. अंधारात तोल जाऊन खुब्याचे हाड मोडले, तर ते पेटक्यापेक्षा कितीतरी मोठे संकट. अंथरुणातच गुडघा सरळ करा आणि पायाची बोटे नडगीकडे, म्हणजे आपल्या अंगाकडे ओढा. हात पोहोचत नसेल तर तळव्याला पंचा किंवा जुने लुगडे अडकवून दोन्ही हातांनी ओढा. पोटरी सुटू लागली की हलक्या हाताने चोळा. मोहाचे तेल लावत असाल तर जरूर लावा. त्याने अपाय नाही, आराम मिळतो तो चोळण्याचा.

रोज झोपण्यापूर्वीचे ताणणे मात्र चुकवू नका. 2012 मध्ये नेदरलँड्समधल्या फिजिओथेरपिस्टनी 55 वर्षांवरच्या 80 लोकांवर हे करून पाहिले. ज्यांनी सहा आठवडे रोज रात्री पोटरी आणि मांडीचा मागचा भाग ताणला, त्यांचे पेटके कमी झाले आणि वेदनाही घटली. उभे राहून हात समोर टेकवा, एक पाय पुढे घेऊन गुडघ्यात वाकवा, मागचा पाय सरळ ठेवा, टाच जमिनीवरून उठू देऊ नका आणि पोटरीला ओढ बसेपर्यंत पुढे झुका. दहापर्यंत आकडे मोजा. प्रत्येक पायाला तीन वेळा. घर कुडाचे असेल तर भिंतीवर भार देऊ नका, मेढीला हात टेकवा. तोल जात असेल तर जमिनीवर पाय पसरून पंच्यानेच ताण द्या. गोधडी पायाशी घट्ट खोचून झोपू नका, पावले खाली दाबली जातात.

‘आई 70 वर्षांची आहे. गोळे आले की अशक्तपणा समजून आम्ही तिला बाजाराच्या दिवशी सलाईन लावून आणतो, कधी कॅल्शियमचं इंजेक्शनही. दोन दिवस बरं वाटतं. दर महिन्याला लावलं तर चालेल का?’

आईसाठी तुम्ही वेळ आणि पैसा दोन्ही खर्च करता, त्यामागची माया कळते. पण साध्या पेटक्यावर सलाईनचा उपयोग नाही. पेटके आपोआपच काही दिवस येतात आणि काही दिवस थांबतात, म्हणून श्रेय सलाईनला जाते. वयस्कर माणसाच्या हृदयाला किंवा मूत्रपिंडाला जादा पाण्याचा भार सोसत नाही आणि शिरेतून दिलेले कॅल्शियम हे तपासणीनंतर, देखरेखीखाली द्यायचे औषध आहे. रक्तातले कॅल्शियम कमी असेल तर बहुधा तोंडाभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, हातही आखडतात. तशी शंका असेल तर रक्त तपासा. बाकी 100 ग्रॅम नागलीत 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. घरची भाकरी सोडू नका.

उन्हात काम करून खूप घाम गेला असेल किंवा जुलाब झाले असतील, तर येणारे पेटके वेगळे. तेव्हा पाणी आणि मीठ दोन्ही कमी झालेले असतात. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचा) घालून ते थोडे थोडे पाजा. उन्हाळ्यात डोक्यावरून लांबचे पाणी आणणाऱ्या बाया स्वतः फार कमी पितात, हे मी नेहमी पाहतो. त्यांना तर मुद्दाम आठवण करावी लागते. हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाब असेल तर मीठ-पाणी किती, ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

‘मी नाशिकला कारखान्यात कामाला आहे. गावी वडील 72 वर्षांचे. रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यापासून पायात गोळे येतात असं ते म्हणतात आणि आता गोळी बंद करतो म्हणून हटून बसले आहेत. मला इथे झोप लागत नाही. गोळी खरंच कारण असेल का?’

वडिलांचे निरीक्षण खोटे ठरवू नका. काही औषधांचा पेटक्यांशी संबंध आढळला आहे : डाययुरेटिक (लघवी वाढवून रक्तदाब उतरवणारी गोळी), दम्यासाठी ओढायची काही दीर्घकाळ काम करणारी औषधे, आणि काही अंशी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी). कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या औषधांच्या नोंदी तपासून 2012 मध्ये हा संबंध मांडला गेला. स्टॅटिनच्या बाबतीत तो सौम्य होता.

पण गोळी आपणहून बंद करणे, हे सगळ्यांत धोक्याचे. रक्तदाब एकदम चढला तर ज्या लकव्याची सगळ्यांना भीती आहे तो खरोखर येऊ शकतो. वडिलांना सांगा, ‘बाबा, गोळी चालू ठेवा, आपण डॉक्टरांकडून बदलून घेऊ.’ सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून पेठच्या ग्रामीण रुग्णालयात न्या आणि गोळे कधीपासून सुरू झाले ते सांगा. सोडियम, पोटॅशियम, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी तपासणी) आणि थायरॉइड पाहिले की बरेच कळते. पोटॅशियमचे औषध दुकानातून परस्पर आणू नका. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या गोळ्यांबरोबर ते रक्तात जास्त झाले तर हृदयाचे ठोके बिघडतात.

‘मी निवृत्त शिक्षक. पूर्वी हिवतापावर कोयनेल घेत असू, तेव्हा पायाचे गोळेही थांबल्याचे आठवते. आता कोणी देत नाही. मॅग्नेशियमच्या गोळ्या घ्या म्हणतात. कोयनेल मागून घ्यावे का?’

गुरुजी, तुमची आठवण खरी आहे. कोयनेलने, म्हणजे क्विनीनने, पेटके थोडे कमी होतात आणि जगभर ते त्यासाठी दिले जात असे. पण त्याने काही जणांच्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) एकाएकी घटून जीवघेणा रक्तस्राव झाला, ठोके बिघडले, कानात आवाज येऊ लागले. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1994 मध्ये पेटक्यांसाठीची त्याची चिठ्ठीविना विक्री थांबवली आणि पुढेही वारंवार इशारे दिले. एका रात्रीच्या गोळ्यासाठी एवढी जोखीम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मॅग्नेशियमवरचे प्रयोग एकत्र तपासले, तर वयस्करांच्या पेटक्यांवर त्याचा फरक पडत असल्याचे दिसत नाही. जुलाब मात्र होऊ शकतात. तुमच्यासाठीही पहिल्या उत्तरातले ताणणेच आधी.

‘आम्ही जमिनीवर झोपतो. पावसाळ्यात मध्यरात्री पायात जोराची कळ येऊन जाग आली की आधी सापच डोळ्यांपुढे येतो. मागच्या वर्षी पाड्यावर एक जण झोपेतच गेला. गोळा आहे की पान लागलं, हे ओळखायचं कसं?’

ही भीती अनाठायी नाही, म्हणून सविस्तर लिहितो. पेटक्यात कळ जोराची असते, पोटरी हाताला कडक लागते, बोटे अंगाकडे ओढली की ती सुटते आणि कातडीवर खूण नसते. मण्यारचे नेमके उलटे. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावा इतका बारीक असतो की अनेकदा जागही येत नाही, दातांच्या खुणाही सापडत नाहीत. पुढे पोटात दुखते, उलटी होते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, एकाचे दोन दिसते, गिळता-बोलता येत नाही आणि शेवटी श्वास अडतो. म्हणजे पावसाळ्यात पहाटे कोणाच्या पोटात विनाकारण दुखू लागले आणि डोळे उघडेनात, तर पाय दुखत नसला तरी साप समजूनच धावा. घोणस किंवा फुरसे चावले तर त्या जागी आग होते, सूज चढत जाते, रक्त वाहत राहते.

शंका आली की माणसाला चालवू नका, पाय हलू देऊ नका, घट्ट दोरी बांधू नका, जखम कापू नका, 108 बोलवा. गाडी यायला वेळ असेल तर मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठा. भगतावर तुमचा विश्वास असेल, त्याचा मान ठेवा. पण त्याच्याकडे जायचे ते रुग्णालयातून परत आल्यावर. आपल्याकडचे सर्पविषविरोधी औषध (प्रतिविष) नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते, सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळते. म्हणून साप मारून आणण्यात वेळ घालवू नका. आणि मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचून झोपा. हिवतापाइतकाच तिचा उपयोग मण्यारपासून वाचायला होतो.

‘मालकांना चढण चढताना पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो. बिडी ओढतात. हाही तोच आजार का?’

बहुधा नाही. चालताना येणारी आणि थांबल्यावर काही मिनिटांत जाणारी पोटरीची कळ पायाच्या धमन्या (शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिन्या) अरुंद झाल्याची खूण असू शकते आणि बिडी-तंबाखू हे त्याचे मोठे कारण. बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावरच बरे वाटत असेल, तर कमरेच्या मणक्यात नसा दबल्याची शक्यता असते. दोन्हींसाठी डॉक्टरांनी पायाची नाडी तपासलीच पाहिजे. गरज पडल्यास ते नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात पाठवतील. पाऊल थंड किंवा काळे-निळे पडले, बोटांवरची जखम भरेना, किंवा एकच पाय सुजून गरम झाला, तर त्याच दिवशी जा. बिडी सोडणे यात औषधाइतकेच मोलाचे आहे. हे त्यांना रागाने नव्हे, शांतपणे सांगा.

‘सासूबाईंना गोळा येत नाही, पण आडवं झालं की पायात किडे चालल्यासारखं होतं. उठून येरझारा घातल्या की थांबतं. रात्र रात्र फिरतात. त्यांना काही लागलं-बिगलं असेल का?’

बाहेरचे काही लागलेले नाही. पाय हलवल्याशिवाय चैन न पडणे हा पेटक्याहून वेगळा, ओळखीचा विकार आहे. शरीरातले लोह कमी झाल्याने तो अनेकदा होतो, आणि मूत्रपिंड किंवा मधुमेहाच्या आजारातही. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करून घ्या, संध्याकाळनंतरचा चहा बंद करून पाहा. या वयात लोह कमी निघाले, तर ते कुठून कमी होते आहे, म्हणजे पोटातून रक्त जाते का, हेही डॉक्टरांना शोधावे लागते. म्हणून तपासणीआधी लोहाच्या गोळ्या सुरू करू नका.