घाटी यायच्या आधी

ऑटोमॅटिक पिकअप घेतलीस, बरं केलंस. आता नागपूरहून काशीला गाडीनंच येणार म्हणतोस, तर काकाचं थोडं ऐकून निघ. शोरूमवाल्यानं तुला स्क्रीन दाखवला असेल, मागचा कॅमेरा दाखवला असेल. ओव्हरड्राइव्हबद्दल तो चकार शब्द बोलला नसणार, कारण तुझ्या हायलक्सवर त्या नावाचं बटणच नाही. बटण गेलं, पण आतली भानगड तीच आहे.

तुझ्या गिअरबॉक्सचा चौथा गिअर सरळ, म्हणजे इंजिनाचा एक फेरा तर मागे जाणाऱ्या शाफ्टचाही एकच. पाचवा आणि सहावा हे ओव्हरड्राइव्ह. सहाव्यात इंजिन साधारण 58 फेरे मारतं तेव्हा शाफ्टचे 100 होतात. इंजिन निवांत, आवाज कमी, डिझेल कमी. पण ज्या गिअरमध्ये इंजिन निवांत असतं त्यात ओढायची ताकद नसते, आणि उतारावर गाडी धरून ठेवायचीही नसते. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप कळतं. जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत लिव्हरवर बटण असायचं आणि ते दाबलं की समोर 'ओ/डी ऑफ' असा दिवा लागायचा. दिवा लागला म्हणजे ओव्हरड्राइव्ह चालू झाला असं समजून कित्येक जण वर्षभर तो तसाच पेटता ठेवत आणि गाडी डिझेल पिते म्हणून रडत. तुझ्याकडे त्याऐवजी लिव्हर 'एस'कडे ओढायची आणि आकडा 4 वर आणायचा. मग गाडी चौथ्याच्या वर जाणार नाही.

तर पहिली गोष्ट ही, की सपाटीवर कशालाही हात लावू नकोस. सिवनीच्या पुढे, जबलपूर, कटनी, मैहर, रीवा, मोकळा रस्ता मिळाला की 'डी'मध्ये टाक आणि विसरून जा. ओव्हरटेक करतानाही पाय दाब, गाडी स्वतःच गिअर उतरवते. आपण लिव्हरशी खेळायची गरज नाही. शहरातही तेच. काशीच्या गर्दीत तू ताशी दहानं सरकशील, तिथे पाचवा-सहावा येतोच कुठे? तिथे ओव्हरड्राइव्ह बंद करून काही कमावत नाहीस.

खरी गोष्ट हनुमनाच्या पुढे आहे. हा रस्ता म्हणजे जुना राष्ट्रीय महामार्ग 7, वाराणसीहून थेट कन्याकुमारीला जाणारा, एके काळी देशातला सगळ्यात लांब. 2010 साली नंबर बदलले, पण आमच्या पिढीच्या तोंडी अजून 'सेव्हन'च आहे. हनुमना विंध्याच्या पठारावर, आणि तिथून मिर्झापूरकडे रस्ता ड्रमंडगंजच्या घाटीतून खाली गंगेच्या मैदानात उतरतो. ब्रेक तापून निकामी झालेल्या ट्रकांसाठी ही घाटी बदनाम आहे. 'डी'मध्ये पाय उचललास तर गाडी वरच्या गिअरमध्ये जाऊन मोकळी सुटते, आणि मग सगळा भार ब्रेकवर. म्हणून उतार दिसण्याआधीच, वेग आटोक्यात असताना, आकडा 4 वर आण. तरी पळत असेल तर 3. इंजिन गुरगुरेल. गुरगुरू दे, त्याचं कामच ते आहे. ब्रेक सतत दाबून ठेवू नकोस. नीट दाब, वेग उतरव, सोड. घाटीत शिरल्यावर, वेग चढल्यावर गिअर पाडायला जाशील तर गाडीचा संगणक तो घेणारच नाही, आणि नेमकं तेव्हाच तुला तो हवा असेल.

आणि कोणी ढाब्यावर सांगेल, उतारावर न्यूट्रल टाका, डिझेल वाचतं. अजिबात ऐकू नकोस. गिअरमध्ये असताना पाय उचलला की आजचं डिझेल इंजिन इंधन बंदच करतं. न्यूट्रलमध्ये मात्र चालू राहायला थोडं पीतच राहतं, आणि गाडीला धरणारं काही उरत नाही.

पावसाचं मात्र वेगळं आहे. येताना तुझा हौदा रिकामा असेल. रिकाम्या पिकअपचं मागचं टोक हलकं. ओल्या रस्त्यावर एकदम दोन गिअर खाली आणलेस तर मागची चाकं सरकतात. एकेक आकडा, हळूहळू.

परत जाताना उलटा हिशेब. आपल्या ब्रह्माघाटावरच्या घरातलं शिसवी कपाट आणि पुस्तकांच्या पेट्या तू नेणार आहेस. त्याच घाटीचा चढ, भरली गाडी, आणि मे महिना असला तर वर उन्हाची भट्टी. आरपीएमच्या काट्याकडे बघ. काटा सारखा वर-खाली होत असेल, गाडी पाचवा घेते, सोडते, परत घेते, तर तिला ठरवता येत नाहीये. तेव्हा तू ठरव आणि 4 वर धर. नाहीतर टॉर्क कन्व्हर्टर वारंवार घसरतो आणि गिअरबॉक्सचं तेल तापतं. ऑटोमॅटिकचा खरा शत्रू म्हणजे हे तापलेलं तेल; ते काळं पडून करपट वास येऊ लागला की खर्चाचा आकडा तुझ्या बायकोपासून लपवावा लागेल. उलट, भरलेली गाडीही वरचा गिअर शांतपणे धरून असेल तर तिला तसंच राहू दे. लोड आहे म्हणून ओव्हरड्राइव्ह बंद, असा आंधळा नियम मी मानत नाही. काटा काय सांगतो ते बघायचं. पठारावर पोचलास की लिव्हर परत 'डी'त. विसरलास तर बिघडणार काही नाही, फक्त पंपावर जास्त मोजशील.

निघण्याआधी गाडीच्या पुस्तकातलं गिअरचं प्रकरण एकदा वाच, कारण सगळ्या गाड्यांत हा आकडा एकाच अर्थाचा नसतो. काहींत तो वरची मर्यादा ठरवतो, काहींत तोच गिअर धरून ठेवतो. घाटी उजेडात उतर, डिसेंबर-जानेवारीत आलास तर धुक्यामुळे आणखीच. आणि गाडी मैदागिनच्या अलीकडेच लाव. सव्वापाच मीटर लांबीचं धूड आपल्या गल्लीत शिरणार नाही. फोन कर, मी चालत न्यायला येतो.